इर्जिकीचं आवतन

आषाढ अर्धा सरला तरी माझे पऱ्हे वाफ्यातच उभे होते. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. आधी एका कोपऱ्यात दाट पेरायची, वीतभर झाली की उपटायची आणि चिखल केलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे पाणी साठवणाऱ्या शेताच्या तुकड्यांमध्ये, एकेक करून रोवायची. वेळ टळली तर रोपं कांड धरून निबर होतात, आणि मग कितीही लाडानं रोवली तरी फुटवे द्यायला तयार होत नाहीत. पारशिवनीकडे हे शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मला ते साठीच्या आसपास कळलं. माझी सगळी नोकरी नागपुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. तिथे उशिरा आलेलं पुस्तकही आम्ही परत घेत असू. धान असं काही घेत नाही.

मुलाचा रोज फोन यायचा. तो मिहानमध्ये संगणकावर जे काम करतो ते त्याने मला अनेकदा समजावून सांगितलं आहे आणि मी प्रत्येक वेळी मान डोलावली आहे. "आई, तू काहून जीवाला त्रास करून राहिली?" असं तो विचारायचा. गावातलाच एक ट्रॅक्टरवाला आमचं शेत ठेक्यानं करायला तयार होता. कागद करायचा, कुलूप लावायचं आणि मी वर्धा रोडच्या फ्लॅटवर जायचं, असा मुलाचा बेत. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. मी त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं की येत्या रविवारपर्यंत माझी रोवणी लागली, तर यंदाचा हंगाम माझा. नाही लागली, तर तो कागद घेऊन येईल आणि मी मुकाट्यानं सही करीन.

हंगाम मला का हवा होता, हे नीट सांगता येत नाही. यांच्या मागे मागे चार हंगाम केले होते. एक स्वतःचा करून बघायचा होता.

हे म्हणजे माझे यजमान. गेल्या हिवाळ्यात गेले. चाळीस वर्षं मी त्यांना 'अहो' म्हटलं, आता लिहिताना वेगळं नाव कुठून आणू?

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर यांनी वडिलांच्या शेतात दोन खोल्या बांधल्या आणि एके सकाळी मला म्हणाले, चल. माझी पुस्तकांची दोन लोखंडी कपाटं टेम्पोत चढली, त्यांच्यामागून मी. यांचं म्हणणं असं की आपल्या समाजाची घडी विस्कटली ती माणसानं माती सोडली म्हणून. पूर्वी गाव म्हणजे एक मोठं घर होतं. सुतारानं वखर करून द्यावा, लोहारानं फाळाला धार लावावी, कुंभारानं मडकी पुरवावीत, आणि हंगामाला ज्याच्या त्याच्या घरी धानाचा वाटा पोचावा. कोणी उपाशी नाही, कोणी बेकार नाही, कोणी एकटा नाही. आपण उजेडाआधी उठावं, गाईचं करावं, घरचं बियाणं पेरावं, पंचांगाप्रमाणे दिवस आणि सणाप्रमाणे स्वयंपाक करावा. एका घरानं सुरुवात केली की हळूहळू घडी बसते.

पहाटे उठण्याची घडी पहिल्याच आठवड्यात बसली, कारण गाय झोपू देत नसे. ती फार तापट होती. यांच्या हातून चारा खायची आणि माझ्या हाताला ढुशी द्यायची. हे म्हणायचे, गोमातेला माणसाचं मन कळतं. तिला बहुधा खरंच कळत असावं.

बाकीच्या घड्या मात्र रुसल्या. सुतार शहरात प्लायवूडची स्वयंपाकघरं बसवत होता आणि रविवारीच घरी असायचा. त्याला वखर करायला सांगितला तर त्याने यांना मोबाइलवर पलंगांचे फोटो दाखवले. कुंभाराचा मुलगा जेसीबी चालवायचा. न्हाव्याचं पारशिवनीत काचेच्या दाराचं सलून होतं. हे त्याच्या खुर्चीत बसून त्याला बलुत्याची पद्धत समजावून सांगत राहिले आणि तो कात्री चालवत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "काका, तुमी म्हणता ते पटते मले. पण पोरगा रिचार्ज मागून राहिला. दुकानदाराले पायली धान नेऊन देऊ का?" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. हेही हसले, पण घरी आल्यावर जरा वेळ पंचांग उघडून बसले. यांना वाईट वाटलं की हे पंचांग उघडत. त्यात बघण्यासारखं काही नसे.

मग यांना इर्जिक सुचली.

इर्जिक ही जुनी रीत. एखादं घर मागे पडलं, घरचा कर्ता आजारी झाला किंवा बैल मेला, की सगळ्या गावानं आपापले बैल घेऊन त्याच्या शेतात उतरायचं, एका दिवसात काम उरकायचं आणि त्या घरी जेवून परत जायचं. मजुरी नाही, परतफेड नाही. आमच्या धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे शेताच्या बांधापलीकडच्या, बाईचा नवरा तेव्हा आंब्यावरून पडून खाटेवर होता आणि तिची नांगरट अडली होती. माझ्याहून ती दोन-चार वर्षांनी मोठी असेल. बायकांचा गट जमवून गावोगावी धान रोवायला नेते, आणि तिच्या जिभेला गटातल्या सगळ्याजणी भितात.

यांनी देवळासमोर गाव जमवलं आणि इर्जिकीचे नियम सांगितले. मुख्य नियम आवतनाचा. ज्याच्या शेतात जायचं त्या घरानं दारोदार जाऊन रीतसर आवतन द्यायचं. आवतनाशिवाय कोणी शेतात पाय ठेवायचा नाही, कारण न बोलावता केलेली मदत ही भीक होते आणि त्या घराचा मान जातो. लोकांना हे फार आवडलं. मान ही गोष्ट सगळ्यांनाच समजते.

दुसरी गोष्ट म्हणजे पंगत. जुन्या रिवाजाप्रमाणे कोण कुठे बसेल, पाणी कोण भरेल, पहिला घास कोणाचा, असं सगळं यांनी सांगायला घेतलं तेव्हा मागून मास्तर उठले. मास्तर म्हणजे बौद्ध वस्तीतले निवृत्त मुख्याध्यापक. यांच्याशी बुद्धिबळ खेळायला आणि माझ्याकडून पुस्तकं न्यायला ते आमच्याकडे रोज येत. आवाज न चढवता ते म्हणाले, "साहेब, जुन्या घडीत आमची जागा कुठं होती, ते तुमालेही माहीत आहे अन् मलेही. तिथं आता कोणी बसणार नाही."

दोन दिवस मास्तर बुद्धिबळाला आले नाहीत आणि दोन दिवस हे पंचांग वाचत होते. तिसऱ्या दिवशी हे स्वतः वस्तीत गेले. जागा ठरवायच्या नाहीत, जो येईल तो बसेल, असं सांगून आले. पण मास्तरांना त्यांनी हेही विचारलं, की जागाच नसतील तर मग घडी कसली? मास्तर म्हणाले, घडी मोडली तरी कापड अंगावर घालता येतं. हे मला सांगताना यांचा चेहरा असा होता, जसा डाव हरल्यावर पण खेळ छान झाल्यावर असायचा.

आणि इर्जिक झाली. यांनी बैलांसाठी सरकीची ढेप भिजवून घमेली भरून ठेवली होती. मी आणि शेजारीण मिळून दुपारच्या पंगतीसाठी चुली पेटवत होतो, तेवढ्यात घरघर ऐकू आली. गावात बैलजोड्या उरल्या होत्या दोनच, एक आमची. बाकी सगळे आपापले ट्रॅक्टर घेऊन आले होते. एवढ्याशा शेताच्या तोंडाशी ट्रॅक्टरांची रांग लागली. पुढचा वळेपर्यंत मागचा हॉर्न देई. एकाचं चाक धुऱ्यावर चढून बसलं, ते काढायला दुसरा गेला, तोही बसला. हे हात वर करून ओरडत होते की ही इर्जिक आहे, मिरवणूक नाही. आणि तरीही, अजून माझी भाजी चिरून व्हायची होती, तर सगळं शेत नांगरून झालेलं. मग तेवढी माणसं आंब्याखाली बसून जेवणाची वाट पाहत पत्ते खेळली आणि पुन्हा पुन्हा चहा प्यायली. बैलांनी मात्र त्या दिवशी भरपूर ढेप खाल्ली.

यांना वाटलं, फसलं सगळं. मला तसं वाटलं नाही. एकच लांब पंगत बसली होती. खाटेवरच्या त्या माणसाला चौघांनी खाटेसकट उचलून आणून पंगतीच्या तोंडाशी ठेवलं होतं, आणि तो आडवा पडल्या पडल्या सगळ्यांना वाढायला लावत होता.

तर असे ते दिवस. आता हे नव्हते. वर्षाच्या बोलीवर ठेवलेला आमचा सालदार यांच्या माघारी मौद्याला कंत्राटी कामावर लागला. बैलजोडी मी शेजारणीकडे सांभाळायला दिली. कोठीतलं घरचं बियाणं काढून पऱ्हे मात्र मी स्वतः टाकले आणि ते उगवले, त्याचं मला इतकं अप्रूप की रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी वाफ्याशी उभी राहायची. पुढे काय, हे कळत नव्हतं. रोवणाऱ्या बायकांचे गट आधीच ठरलेले. चिखल करायला ट्रॅक्टर हवा, तर ट्रॅक्टरवाले दुसऱ्यांच्या कामाला बांधलेले. मी वाट पाहत होते. नेमकी कशाची, ते मी स्वतःशीही बोलत नव्हते. शेजारीण धुऱ्यावरून जाता-येता दिसायची. पऱ्ह्यांकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि पुढे जायची. एरवी जिचं बोलणं थांबत नाही ती गप्प झाली, म्हणजे आता आपल्याकडे कोणी येणार नाही, असं मी धरून चालले.

गुरुवारी मास्तर पुस्तक परत करायला आले. पुस्तक टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "बाई, तुमी कोणाची वाट पाहून राहिल्या?"

मी म्हटलं, खरं सांगू का, लोकांची.

"अन् लोक तुमची," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी उलगडून सांगितलं. गावात रोज बोलणं होत होतं. शेजारणीचा गट तयार होता. पण घरचं आवतन नाही, तर जायचं कसं? साहेबांनीच घालून दिलेला नियम, आणि साहेब गेल्यावर त्यांच्याच घराचा मान घालवायचा? बरं, आवतन मागायलाही कोणी येईना, कारण ज्या घरात माणूस गेलं त्या घरानं वर्षभर कोणाच्या दारी आवतन न्यायचं नाही, हीसुद्धा गावची रीत, आणि हीसुद्धा यांनी देवळासमोर उभं राहून उचलून धरलेली. म्हणजे मी बोलवायचं नाही आणि त्यांनी न बोलावता यायचं नाही. हे दोन नियम एकाच घरात एकाच वर्षी भेटतील, हे यांच्या ध्यानात आलं नसणार. आपण कधी जाऊ, हा हिशेब यांनी कशातच धरला नव्हता. सगळे यांचा शब्द पाळत होते आणि तिकडे पऱ्हे कांड धरत होते.

मला हसू आलं. यांच्या जाण्यानंतर मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले आणि त्याच वेळी डोळेही पुसले. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

मी म्हटलं, मग तुम्हीच द्या ना आमच्या वतीनं आवतन. तुमच्याकडे वर्षाचा तो नियम नाही.

मास्तरांनी मान हलवली. "मी दिलं तर ते माझं आवतन होते. हा नियम तुमच्या घरात बनला, तुमच्याच घरानं सोडवला पाहिजे." आणि चपला घालता घालता टोमणा मारून गेले, की माणूस गेल्यावर बाईनं वर्षभर उंबऱ्याआड बसावं हे कोणत्या पुस्तकात लिहिलं आहे ते ग्रंथपालबाईंनी शोधून ठेवावं, त्यांना वाचायला आवडेल.

मी खरोखरच शोधलं. सवय जात नाही. यांच्या धर्मग्रंथांच्या फळीवरून एकेक पुस्तक काढून दुपारभर वाचत बसले. जितकी पुस्तकं, तितके नियम निघाले, आणि पुढच्या पानावर प्रत्येकाचा अपवाद. मग मी यांच्याशीच मनात वाद घातला. हे असते तर म्हणाले असते, नियम मोडू नकोस, वर्ष होऊ दे. आणि दोन दिवस पंचांग वाचून तिसऱ्या दिवशी म्हणाले असते, जा. माझ्याकडे दोन दिवस नव्हते. मी ते दोन दिवस वगळले.

शुक्रवारी सकाळी पदरात आवतनाचं धान घेऊन निघाले. कुंकू घेतलं नाही, तेवढा यांचा मान ठेवला. पहिलं घर शेजारणीचं. ती दारात भांडी घासत होती. मी समोर उभी राहिले आणि काय बोलायचं तेच विसरले. चार हंगाम गावाशी बोलणं यांच्याकडे होतं, मी नेहमी मागे चुलीशी.

"काहून आल्या, बाई?" ती मान वर न करता म्हणाली. "साखर संपली का?"

"रविवारी माझी रोवणी आहे," मी म्हटलं. "इर्जिक. आवतन द्यायला आले."

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यापुढे ओंजळ धरली. मी त्यात धान टाकलं. "एवढे दिवस मंग काय पुस्तक वाचून राहिल्या होत्या?" ती म्हणाली. "पऱ्हे म्हातारे होऊन राहिले तिकडं. मले तर वाटलं, बाईले आता आमची गरज नाही, बाई चालल्या फ्लॅटवर." आणि लगेच आतल्या सुनेला हाक मारून तिनं सांगितलं की रविवारी बाजार कोणी करायचा नाही.

त्यानंतर सोपं होतं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, वर्ष झालं का? मी म्हटलं, नाही. त्यानं जरा विचार केला आणि ओंजळ पुढे केली. वस्तीत मास्तरांच्या घरी त्यांच्या पत्नीनं चहा दिल्याशिवाय सोडलं नाही. मास्तरांनी मुद्दाम गंभीर चेहरा करून दोन्ही हातांनी धान घेतलं आणि संदर्भ सापडला का, म्हणून विचारलं.

शेवटी एकच घर राहिलं, ट्रॅक्टरवाल्याचं. ते वगळावं असं मनात येऊन गेलं. पण आवतनात घर गाळणं म्हणजे त्या घराचा अपमान, हे मी यांच्याकडूनच शिकले होते. तो अंगणात ट्रॅक्टरखाली झोपून काहीतरी पिळत होता. माझे पाय पाहून बाहेर सरकला. मी सांगितलं. त्यानं तोंडावरचं ग्रीस पुसलं आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"म्हणजे माझाच ठेका मोडाले मलेच आवतन?"

मी म्हटलं, हो, तसंच आहे ते. यावं की नाही तुम्ही ठरवा. त्यानं हात पुढे केला नाही, हाताला ग्रीस आहे म्हणाला. मी चार दाणे ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवले आणि निघाले.

रविवारी उजाडताना मी वरणाचं पातेलं चुलीवर ठेवत होते तेव्हा घरघर ऐकू आली. पहिला ट्रॅक्टर त्याचाच होता. मागोमाग आणखी दोन आले, पण या वेळी त्यानं त्यांना धुऱ्यावरच थांबवलं, आपण एक बांधी चिखल करून बाहेर आला आणि मग दुसऱ्याला आत सोडलं. बायका साड्या खोचून पाण्यात उतरल्या. शेजारणीनं मला हाताला धरून बांधीत ओढलं. स्वयंपाक सुना करतील, म्हणाली. मी रोवलेली रोपं माझ्यामागे तरंगून वर येत होती, आणि मागून येणारी एक मुलगी ती निमूटपणे पुन्हा रोवत होती. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

मुलगा दहाच्या सुमारास गाडी घेऊन आला. बुटांना चिखल लागू नये म्हणून धुऱ्यावरच उभा राहिला. हातात कागदाची फाइल होती. आधी त्याला मी दिसलेच नाही. ट्रॅक्टरवाला दिसला, चिखलानं माखलेला.

"काका," तो म्हणाला, "आपलं तर ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं ना गा," ट्रॅक्टरवाला वरूनच म्हणाला. "पण मंग आवतन आलं. आता गावानं मले काय म्हणावं? पुढच्या साली बोलू. यंदाचं शेत तुह्या मायचं आहे. ते बूट काढ अन् त्या जुड्या फेक इकडं."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी गुडघाभर चिखलात, पदर डोक्याला बांधलेला. तो फाइल गाडीत ठेवून आला, पँट दुमडली आणि रोपांच्या जुड्या फेकू लागला. पहिली जुडी शेजारणीच्या पाठीवर बसली. तिनं त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यानंतर त्याचा नेम सुधारला.

पंगत दुपार कलल्यावर बसली, जो जिथे मोकळा झाला तिथे. संध्याकाळी सगळ्या बांध्या हिरव्या दिसत होत्या, एक सोडून. विहिरीजवळची लहानशी बांधी चिखल करून तशीच राहिली होती, शेजारी थोड्या जुड्या ठेवलेल्या. मी शेजारणीला म्हटलं, ही राहिली ना. वाटलं, थकल्या असतील.

ती पाय धूत होती. "राहिली नाही, ठेवली," ती म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा ती मला एकेरीत बोलली. "ते तू रोव वं. उद्या, परवा, जमन तसं. कोणी मागून येऊन सरळ करणार नाही."

मुलगा त्या रात्री राहिला आणि सकाळी लवकर कामावर गेला. मी पंचांग न बघता बांधीत उतरले. माझं काम सावकाश चालतं, लिहिण्याचंही तसंच आहे. दुपारपर्यंत दोन ओळी झाल्या, त्याही वाकड्या. तिसरी ओळ धरताना लक्षात आलं की पहिल्या ओळीतलं एकही रोप वर तरंगून आलेलं नाही.